पॅकेज बसवायला राउटर चालू असावाच लागतो का?

२००२ च्या डिसेंबरात लिंक्सिसने डब्ल्यूआरटी५४जी नावाचा राउटर बाजारात आणला. आत १२५ मेगाहर्ट्झचा मिप्स प्रोसेसर, १६ मेगाबाइट रॅम आणि ४ मेगाबाइट फ्लॅश. त्यातले फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आत बसवलेले सॉफ्टवेअर, लिनक्सवर उभे आहे हे लोकांच्या लक्षात आले, जीपीएल परवान्याच्या अटींमुळे २००३ मध्ये सोर्स कोड खुला करावा लागला, आणि २००४ मध्ये त्यातूनच ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. घरच्या राउटरवर आपल्याला हवे ते सॉफ्टवेअर, तेही कॉम्प्युटरसारखे पॅकेज-पॅकेजने, बसवता येऊ लागले.

पण ४ मेगाबाइटमध्ये बसवायचे कसे? आपल्या लॅपटॉपवर उबंटू किंवा डेबियन असते तेव्हा पॅकेज मॅनेजर सगळे त्याच यंत्रावर करतो: यादी उतरवतो, कशाला काय लागते ते पाहतो, फाइली सोडवतो, नोंद ठेवतो. राउटरवर सोर्स कोडपासून प्रोग्राम बनवणारा कंपायलर तर नाहीच. उपलब्ध पॅकेजांची यादी साठवायलाही फ्लॅशवर जागा नसते. म्हणून ओपनडब्ल्यूआरटीमधला ओपीकेजी हा पॅकेज मॅनेजर ही यादी रॅममध्ये ठेवायचा आणि राउटर बंद करून चालू केला की ती गेलेली असायची. यादी पुन्हा उतरवल्याशिवाय काही बसवता यायचे नाही. नवशिक्यांना हा प्रकार बिघाड वाटतो. तो मुद्दाम केलेला आहे.

अशा यंत्रांचे पॅकेज-व्यवस्थापन दुसऱ्याच कॉम्प्युटरवरून करतात. तो कॉम्प्युटर म्हणजे होस्ट, आणि ज्याच्यासाठी हे सगळे चालले आहे ते यंत्र म्हणजे टार्गेट. टार्गेट कधी राउटर असतो, कधी रास्पबेरी पाय, कधी कारखान्यातल्या मशीनचा कंट्रोलर, कधी बसस्थानकावरचा फलक. होस्ट बहुतेक वेळा इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर असलेला साधा लिनक्स पीसी असतो. टार्गेटचा प्रोसेसर वेगळा, म्हणून टार्गेटचा प्रोग्राम होस्टवर चालत नाही. मग जे चालतच नाही ते होस्टवर बसवायचे कसे, हा प्रश्न मला अनेक विद्यार्थ्यांनी विचारला आहे. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एकदा नीट समजले की योक्टो, बिल्डरूट, ओपनडब्ल्यूआरटीचा इमेज बिल्डर ही टार्गेटवर चढवायची पूर्ण सिस्टीम, म्हणजे इमेज, बांधणारी आणि अवजड वाटणारी साधने सरळ दिसू लागतात.

पॅकेजच्या आत डोकावून पाहू. ओपीकेजी वापरत असे त्या प्रकारची आयपीके फाइल ही एक दाबून बांधलेली टार फाइल असते आणि तिच्यात तीनच वस्तू असतात. एक छोटी फाइल स्वरूपाची आवृत्ती सांगते. दुसऱ्या गठ्ठ्यात माहिती असते: पॅकेजचे नाव, आवृत्ती, कोणत्या आर्किटेक्चरसाठी (प्रोसेसरच्या जातीसाठी) बनवले आहे, आणखी कोणती पॅकेजे लागतात (म्हणजे डिपेन्डन्सी), शिवाय बसवल्यावर किंवा काढण्याआधी चालवायच्या छोट्या स्क्रिप्ट. तिसऱ्या गठ्ठ्यात प्रत्यक्ष फाइली, ज्या जागी जायच्या त्याच फोल्डर-रचनेत. डेबियनचे डेब पॅकेजही आतून जवळजवळ असेच असते. आयपीके हे स्वरूप डेबच्याच वळणावर, पण छोट्या यंत्रांसाठी बेतलेले. कॉम्पॅकच्या आयपॅक या हातात धरायच्या कॉम्प्युटरवर लिनक्स चालवणाऱ्यांनी ते वापरात आणले, आणि त्यांच्या आयपीकेजी या साधनातून पुढे ओपनमोको या खुल्या फोनच्या प्रकल्पात ओपीकेजी जन्मला.

आता पॅकेज बसते म्हणजे नेमके काय होते ते पाहा. यादी वाचायची. डिपेन्डन्सी सोडवायच्या. फाइली ठरलेल्या जागी उलगडायच्या. काय कुठे गेले याची नोंद एका स्टेटस फाइलमध्ये करायची. शेवटी पॅकेजबरोबर आलेली स्क्रिप्ट चालवायची. या पाच कामांपैकी पहिल्या चारांत टार्गेटचा एकही प्रोग्राम चालत नाही. मिप्ससाठी बनवलेली फाइल इंटेलच्या कॉम्प्युटरला एखाद्या फोटोसारखीच: उचलायची, ठेवायची, मोजायची. आत काय आहे हे समजण्याची गरज नाही. टार्गेटची गरज पडते ती पाचव्या कामात, आणि तिथेही प्रत्येक वेळी नाही. होस्टवरच्या पॅकेज-व्यवस्थापनाचे सगळे कसब या चार आणि एकची फारकत करण्यात आहे.

पहिली चार कामे होस्टवर करायला एक रिकामे फोल्डर पुरते. ओपीकेजीला 'ऑफलाइन रूट' नावाचा पर्याय देता येतो. म्हणजे त्याला सांगायचे की तुझी मूळ डिरेक्टरी ही नव्हे, हे फोल्डर आहे. मग तो टार्गेटच्या युएसआर, ईटीसी, लिब अशा सगळ्या डिरेक्टऱ्या त्या फोल्डरमध्ये उभ्या करतो, स्टेटस फाइलही तिथेच ठेवतो. काही मिनिटांत तुमच्या कॉम्प्युटरवर एका फोल्डरमध्ये पूर्ण टार्गेट तयार होते, कधीही चालू न झालेले. अल्पाइन लिनक्सच्या एपीके या पॅकेज मॅनेजरमध्येही असेच रूट आणि आर्किटेक्चर सांगायची सोय आहे. ओपनडब्ल्यूआरटीने २०२४ च्या नोव्हेंबरात आपल्या विकास-शाखेत ओपीकेजी सोडून एपीके घेतला, पण ही रीत तीच राहिली.

इथे दोन गोष्टींत काळजी घ्यावी लागते. पहिली आर्किटेक्चरची. पॅकेज मॅनेजरला 'मी कोण' हे होस्टकडून शिकू द्यायचे नाही; टार्गेटची आर्किटेक्चर कोणती आणि त्यातली कोणती आधी पसंत करायची, हे कॉन्फिगरेशन फाइलमध्ये स्वतः लिहायचे. ओपीकेजीत प्रत्येक आर्किटेक्चरच्या नावापुढे एक आकडा असतो. मोठा आकडा म्हणजे जास्त पसंती. सगळीकडे चालणाऱ्या, फक्त स्क्रिप्ट किंवा मजकूर असलेल्या पॅकेजांना लहान आकडा, नेमक्या प्रोसेसरसाठी बनवलेल्यांना मोठा.

दुसरी गोष्ट फाइलींच्या मालकीची. टार्गेटवर बहुतेक फाइली रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या मालकीच्या असायला हव्यात, काहींना विशेष परवानग्या लागतात. होस्टवर तुम्ही साध्या वापरकर्त्याच्या खात्यातून काम करत असाल (तसेच करावे, रूट म्हणून काम करताना ऑफलाइन रूटचा पर्याय द्यायचा राहिला तर टार्गेटच्या फाइली तुमच्याच लॅपटॉपच्या सिस्टीमवर पडतात), तर तुम्हाला दुसऱ्याच्या मालकीची फाइल बनवता येत नाही. म्हणून फेकरूट किंवा योक्टोमधला स्यूडो असे साधन मध्ये बसवतात. ते पॅकेज मॅनेजरला भासवते की तू रूट आहेस, मालकीची खोटी नोंद स्वतःजवळ ठेवते, आणि शेवटी इमेज बांधताना तीच नोंद खरी म्हणून इमेजमध्ये उतरते. बिल्डरूट वापरणाऱ्यांना त्याच्या टार्गेट फोल्डरात 'ही तुमची रूट फाइलसिस्टीम नव्हे' अशा अर्थाच्या नावाची एक फाइल सापडते. ती याचसाठी ठेवली आहे. त्या फोल्डरात फाइली सगळ्या असतात, पण मालकी आणि डिव्हाइस फाइली बरोबर नसतात. तो तसाच उचलून एसडी कार्डावर टाकला तर बोर्ड, म्हणजे टार्गेट, धड चालत नाही.

आता पाचवे काम, स्क्रिप्ट. खरी गुंतागुंत इथे आहे.

पॅकेज बसल्यावर चालणारी स्क्रिप्ट काय करते? एखादी सेवा सुरू करते, नवा वापरकर्ता तयार करते, फाँटची सूची ताजी करते, कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) मॉड्यूलांची यादी बनवते, गुप्त किल्ली तयार करते. लिहिणाऱ्याने ती टार्गेटवर चालेल असे धरून लिहिलेली असते. तीच होस्टवर जशीच्या तशी चालवली तर 'वापरकर्ता तयार कर' ही आज्ञा टार्गेटऐवजी तुमच्या कॉम्प्युटरवर नवा वापरकर्ता तयार करायला जाईल. म्हणून प्रत्येक यंत्रणेने स्क्रिप्टला एक खूण ठरवून दिली आहे. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये एका विशिष्ट व्हेरिएबलमध्ये फोल्डरचा पत्ता भरलेला असतो, योक्टोमध्ये फक्त 'डी' या एका अक्षराचा व्हेरिएबल तेच काम करतो. तो भरलेला असेल तर स्क्रिप्टने ओळखायचे की आपण होस्टवर आहोत, रिकामा असेल तर खऱ्या यंत्रावर. स्वतःचे पॅकेज बनवताना ही तपासणी स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत असलीच पाहिजे असे माझे ठाम मत आहे. आज ते पॅकेज फक्त यंत्रावर बसत असेल, पण उद्या कोणीतरी ते इमेजमध्ये घालणारच असते.

होस्टवर आहोत हे कळल्यावर तीन वाटा असतात.

पहिली वाट म्हणजे काम पुढे ढकलणे. फाइली होस्टवर उलगडायच्या, आणि स्क्रिप्ट यंत्र पहिल्यांदा चालू होईल तेव्हासाठी राखून ठेवायची. सुतार कपाट आपल्या कारखान्यात पूर्ण बनवतो आणि भिंतीत खिळे मात्र तुमच्या घरी येऊन मारतो, तसे हे आहे. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये यासाठी यूसीआय-डिफॉल्ट्स नावाची डिरेक्टरी आहे. तिच्यातल्या स्क्रिप्ट पहिल्या बूटला चालतात आणि यशस्वी झाल्या की पुसल्या जातात. डेबियनची डीबूटस्ट्रॅप ही आज्ञाही परक्या आर्किटेक्चरसाठी वापरताना काम दोन टप्प्यांत तोडते: पहिल्या टप्प्यात होस्टवर पॅकेजे उलगडायची, दुसऱ्या टप्प्यात टार्गेटवर ती जुळवायची.

काही कामे तर पुढे ढकललीच पाहिजेत. दुरून यंत्रात शिरायच्या एसएसएच या सोयीची किल्ली हे त्यातले सगळ्यात महत्त्वाचे. ती होस्टवर तयार करून इमेजमध्ये घातली तर त्या इमेजमधून निघालेल्या प्रत्येक यंत्राची गुप्त किल्ली एकच होते. एक यंत्र उघडून पाहिले की सगळ्यांची किल्ली हातात. ही नुसती शंका नाही. २०१५ मध्ये एसईसी कन्सल्ट या सुरक्षा-कंपनीने ४,००० हून अधिक उपकरणांचे फर्मवेअर तपासले आणि त्यांत ५८० हून अधिक वेगवेगळ्या गुप्त किल्ल्या तयार बसवलेल्या सापडल्या. त्यांतल्या अनेक किल्ल्या इंटरनेटवरच्या लाखो यंत्रांवर वापरात होत्या. पॅकेज-व्यवस्थापनातला एक साधा निर्णय, स्क्रिप्ट कुठे चालवायची हा, इतक्या दूरवर जातो.

दुसरी वाट म्हणजे टार्गेटचा प्रोग्राम होस्टवर खरोखर चालवणे. लिनक्समधल्या प्रत्येक चालवण्याजोग्या फाइलीच्या सुरुवातीला एक मथळा असतो आणि त्यात प्रोसेसरचा क्रमांक लिहिलेला असतो: मिप्सला ८, ३२ बिटी आर्मला ४०, ६४ बिटी इंटेल-एएमडीला ६२, ६४ बिटी आर्मला १८३. होस्टच्या कर्नलला ४० क्रमांकाची फाइल दिली की तो 'एक्झेक फॉरमॅट एरर' म्हणून हात वर करतो. पण कर्नलमध्ये अशी नोंद करून ठेवता येते की ४० क्रमांक दिसला तर ती फाइल क्यूएमू या प्रोग्रामकडे सोपव. मग क्यूएमू आर्मच्या सूचना इंटेलच्या सूचनांत बदलत जातो, आणि फाइल उघडणे, लिहिणे अशी कर्नलची कामे होस्टच्याच कर्नलकडून करून घेतो. पूर्ण यंत्राची नक्कल न करता फक्त एका प्रोग्रामची. मूळ यंत्रापेक्षा हे कधी हळू, कधी जलद. साध्या स्क्रिप्टसाठी पुरेसे.

तिसरी वाट मला सगळ्यात आवडते: तेच काम करणारा होस्टचा स्वतःचा प्रोग्राम वापरणे. कर्नल मॉड्यूलांची यादी बनवणाऱ्या आज्ञेला दुसऱ्या फोल्डरचा पत्ता देता येतो. वापरकर्ता तयार करणाऱ्या आज्ञेलाही रूट फोल्डर सांगता येते. यादी म्हणजे शेवटी मजकूरच; ती आर्मवर बनवा की इंटेलवर, सारखीच येते. फाँटच्या सूचीचे मात्र असे नाही. समजा तुमच्या यंत्राच्या पडद्यावर मराठी मजकूर दाखवायचा आहे आणि तुम्ही लोहित देवनागरीसारखा फाँट इमेजमध्ये घातला. पहिल्यांदा वापरायच्या आधी फाँटची सूची तयार झाली नाही तर यंत्र सुरू होताना ती बनवत बसते आणि पडदा उशिरा उजळतो. योक्टो हे काम इमेज बांधतानाच क्यूएमूकडून उरकून घेते, तेही सगळ्या फाँट-पॅकेजांसाठी शेवटी एकदाच. दहा फाँट घातले म्हणून दहा वेळा सूची बनवत नाही.

योक्टोमधली आणखी एक गोष्ट मला फार पटते. इमेज 'रीड-ओन्ली', म्हणजे फक्त वाचता येणारी, ठेवायची असे तुम्ही ठरवलेत आणि एखादी स्क्रिप्ट होस्टवर उरकता आली नाही, तर बिल्ड तिथेच थांबतो. बरोबरच आहे. पहिल्या बूटला लिहायला जागाच नसेल तर पुढे ढकललेले काम कधीच होणार नाही, आणि ते ग्राहकाच्या घरी कळण्यापेक्षा आपल्या टेबलावर कळलेले चांगले.

इथवर पॅकेज तयार मिळते असे धरले. हवे ते पॅकेज टार्गेटसाठी बनवलेलेच नसेल तर ते होस्टवर क्रॉस-कंपाइल करावे लागते. कंपायलर होस्टवर चालतो, पण त्यातून निघणारा प्रोग्राम टार्गेटचा असतो. यात लोक अडकतात ते कंपायलरपाशी क्वचितच. बहुतेक वेळा लायब्ररीपाशी. होस्टवर ओपनएसएसएल ही लायब्ररी आहे, टार्गेटलाही लागते. बिल्ड स्क्रिप्टने शोधताना होस्टची लायब्ररी उचलली की एकतर लिंकिंगला गोंधळ उडतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे हेडर फाइल होस्टची आणि लायब्ररी टार्गेटची असा संकर होऊन प्रोग्राम बनतो आणि चालताना कोसळतो. उपाय म्हणजे सिसरूट: टार्गेटच्या लायब्रऱ्या आणि हेडर असलेले एक फोल्डर, आणि कंपायलरला सक्त ताकीद की याच्या बाहेर पाहायचे नाही.

हे फोल्डर कुठून आणायचे? वर ऑफलाइन रूटने जे फोल्डर बनवले तेच, त्यात डेव्हलपमेंटची पॅकेजे भरून. अनेक जण चालू बोर्डावरून लायब्रऱ्या कॉपी करून आणतात. तसे करू नका असे मी कळकळीने सांगेन. बोर्डावर काय आहे याची नोंद कुणाकडे नसते, सहा महिन्यांनी तेच सिसरूट पुन्हा बनवता येत नाही. पॅकेजांच्या यादीतून बनवलेले सिसरूट मात्र हवे तेव्हा हुबेहूब उभे राहते. लायब्रऱ्या कुठे आहेत ते शोधून देणारे पीकेजी-कॉन्फिग वापरत असाल तर एक बारीक फरक ध्यानात ठेवा: नेहमीच्या 'पाथ' या व्हेरिएबलने शोधायच्या जागांत भर पडते, होस्टच्या जागा तशाच राहतात, 'लिबडिर' या व्हेरिएबलने मूळ जागा पूर्ण बदलतात. क्रॉस-कंपाइल करताना दुसरा हवा.

चुकीचा सिसरूट वापरला की मिळणारे दोन संदेश ओळखून ठेवावेत. बोर्डावर प्रोग्राम चालवला की 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' येते, आणि फाइल तर समोर दिसते आहे. हरवलेली असते ती प्रोग्रामला रॅममध्ये चढवणारी लोडर फाइल. तुम्ही जीलिबसी या सी लायब्ररीसाठी बनवले आणि बोर्डावर मसल ही दुसरी सी लायब्ररी आहे, असे असेल तर हेच होते, कारण दोघांच्या लोडरची नावे वेगळी. दुसरा संदेश 'जीलिबसी २.३४ सापडत नाही' अशा धर्तीचा. म्हणजे प्रोग्राम नव्या लायब्ररीवर बनवला, बोर्डावर जुनी आहे. उलट चालते, जुन्यावर बनवलेला प्रोग्राम नव्यावर सहसा चालतो.

आर्किटेक्चरचे नाव जुळले म्हणजे सगळे जुळले असेही नसते. २०१२ मध्ये पहिला रास्पबेरी पाय आला तेव्हा त्यात आर्मच्या सहाव्या पिढीचा प्रोसेसर होता, दशांश गणिताच्या हार्डवेअर युनिटसकट. डेबियनची 'आर्महार्डफ्लोट', म्हणजे आर्म-एचएफ, ही शाखा सातव्या पिढीसाठी बनवलेली. दुसरी शाखा चालत होती, पण ती ते गणिताचे युनिट वापरतच नव्हती. म्हणून डेबियनची हजारो पॅकेजे सहाव्या पिढीसाठी नव्याने कंपाइल केली गेली आणि त्यातून रास्पबियन तयार झाले. पण दोन्हीकडच्या पॅकेजांवर आर्किटेक्चरचे नाव तेच राहिले. त्यामुळे आजही उबंटूवरच्या आर्म-एचएफ कंपायलरने सरळ बनवलेला प्रोग्राम पहिल्या पायवर किंवा पाय झिरोवर नेला की 'इललीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून बंद पडतो. पॅकेज मॅनेजर काही बोलत नाही, कारण त्याच्या दृष्टीने नाव जुळले. ओपनडब्ल्यूआरटीने नावातच प्रोसेसरचा नेमका गाभा लिहायची पद्धत ठेवली आहे. नावे लांबलचक होतात, पण हा गोंधळ टळतो.

पुन्हा राउटरकडे वळू, कारण होस्टवर पॅकेज निवडण्याचा सगळ्यात ठळक फायदा तिथे दिसतो. ओपनडब्ल्यूआरटीच्या बहुतेक राउटरांवर फ्लॅशचे दोन भाग असतात. खाली स्क्वॅशएफएस: घट्ट दाबलेली, फक्त वाचता येणारी. तिच्यावर लिहिता येणारा थर. वापरणाऱ्याला दोन्ही मिळून एकच फाइलसिस्टीम दिसते. राउटर चालू असताना तुम्ही पॅकेज बसवले तर ते वरच्या थरात जाते. मूळ इमेजमधले पॅकेज काढले तर खालची फाइल जागची हलत नाही. वरच्या थरात 'ही फाइल नाही असे समजा' अशी खूण तेवढी उमटते, जागा एक बाइटही मोकळी होत नाही. आणि मूळ पॅकेज अपग्रेड केले तर जुनी प्रत खाली, नवी वर, अशा दोन प्रती होतात. ८ किंवा १६ मेगाबाइटच्या फ्लॅशवर हे फार महाग पडते.

तेच काम इमेज बिल्डरने होस्टवर केले तर नको असलेले पॅकेज इमेजमध्ये येतच नाही, हवे असलेले खालच्या थरात घट्ट दाबून बसते. इमेज बिल्डर काहीही कंपाइल करत नाही. राउटरचे मॉडेल सांगायचे, पॅकेजांची यादी द्यायची, वजा करायच्या पॅकेजांआधी उणे चिन्ह लावायचे, स्वतःच्या कॉन्फिगरेशन फाइली एका फोल्डरात ठेवायच्या. साध्या पीसीवर काही मिनिटांत इमेज हातात येते. घरात पीपीपीओई कनेक्शन नसेल तर ती पॅकेजे वगळून वाचलेल्या जागेत दुसरे काही बसते. मी कोणालाही राउटरवर पॅकेज-पॅकेज खेळायच्या आधी इमेज बिल्डर शिकायला सांगतो.

कर्नल मॉड्यूलांची पॅकेजे मात्र इथे हट्टी असतात. त्यांच्या डिपेन्डन्सीत कर्नलची आवृत्ती तर असतेच, शिवाय कर्नलच्या कॉन्फिगरेशनवरून काढलेली एक लांब खूणही असते. तुम्ही स्वतः कर्नल वेगळ्या पर्यायांनी बनवलात तर अधिकृत भांडारातले मॉड्यूल बसायला नकार देते. जबरदस्तीने बसवायचा पर्याय आहे, पण वापरू नये. मॉड्यूल कर्नलच्या पोटात चालते, तिथली विसंगती राउटर गोठवते. राउटरवरची सगळी पॅकेजे एका दमात अपग्रेड करू नका असे ओपनडब्ल्यूआरटीवाले वारंवार सांगतात, त्यामागे हे आणि वरचे जागेचे, अशी दोन्ही कारणे आहेत.

बिल्डरूटने याबाबतीत टोकाची भूमिका घेतली आहे: टार्गेटवर पॅकेज मॅनेजर नाहीच. प्रत्येक बदलाला नवी इमेज. योक्टो आतून सगळे पॅकेजमध्ये बांधते (आयपीके, डेब, आरपीएम, तिन्हीपैकी जे हवे ते), एका रेसिपीतून प्रोग्राम, हेडर, डीबगची माहिती, कागदपत्रे अशी वेगवेगळी पॅकेजे काढते, आणि त्यांतली निवडक घेऊन इमेज बनवते. टार्गेटवर पॅकेज मॅनेजर ठेवायचा की नाही हे तुमच्यावर सोपवते. ग्राहकाकडे जाणाऱ्या यंत्रापुरते मला बिल्डरूटचे म्हणणे पटते. हजार यंत्रांवर पॅकेजे सुटी-सुटी अपग्रेड होऊ लागली की काही दिवसांत हजार वेगवेगळी यंत्रे तयार होतात, आणि त्यांतली कोणती जोडी तुम्ही तपासली होती हे सांगता येत नाही. अपग्रेड अर्ध्यावर असताना वीज गेली तर काय, हा प्रश्न वेगळाच. पूर्ण इमेज दोन कप्प्यांत ठेवून, नवी नीट सुरू झाली तरच जुनी सोडायची, अशी रॉक किंवा एसडब्ल्यूअपडेटसारखी साधने त्यासाठीच आहेत.

पण काम चालू असताना, रोज वीस वेळा एकच प्रोग्राम बदलून पाहायचा असताना, दरवेळी पूर्ण इमेज चढवणे म्हणजे दिवस घालवणे. तेव्हा होस्टलाच पॅकेजांचे भांडार बनवावे. योक्टोने तयार केलेल्या पॅकेजांची सूची बनवायची, त्या फोल्डरवर साधा वेब सर्व्हर सुरू करायचा, बोर्डावरच्या पॅकेज मॅनेजरला होस्टचा पत्ता द्यायचा. होस्टवर बदल, एक पॅकेज नव्याने बनले, बोर्डावर एक आज्ञा, चाचणी. आवृत्तीचा आकडा वाढवायला विसरू नका. तो तोच राहिला तर बोर्डाला वाटते की नवे काहीच नाही. भांडार ऑफिसच्या नेटवर्कबाहेर जाणार असेल तर पॅकेजांवरच्या डिजिटल सह्या चालू करा, आणि सही करायची गुप्त किल्ली बिल्ड करणाऱ्या कॉम्प्युटरवर उघडी पडू देऊ नका.

आणि इमेज बाहेर पाठवाल त्या दिवशी तिच्यातली पॅकेज-यादी, आवृत्त्यांसकट, इमेजच्या शेजारीच जपून ठेवा. योक्टो ती मॅनिफेस्ट फाइल म्हणून आपोआप काढते, इमेज बिल्डरही काढतो. ऑफलाइन रूट हाताने बनवत असाल तर स्टेटस फाइल हीच यादी आहे. २०१४ च्या एप्रिलमध्ये हार्टब्लीड ही ओपनएसएसएलमधली त्रुटी उघड झाली तेव्हा तिचा धोका १.०.१ ते १.०.१एफ या आवृत्त्यांना होता. ज्यांच्याकडे यादी होती त्यांना आपली कोणती यंत्रे त्यात येतात हे एका शोधात कळण्यासारखे होते. ज्यांच्याकडे नव्हती त्यांना एकेका यंत्रात शिरून पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. युरोपात २०२४ च्या डिसेंबरात लागू झालेल्या सायबर रेझिलियन्स कायद्याने नेटवर्कशी जोडल्या जाणाऱ्या उत्पादनांसाठी अशी घटक-यादी ठेवणे उत्पादकांचे बंधन केले आहे, आणि त्याच्या मुख्य अटी २०२७ च्या डिसेंबरपासून लागतील. युरोपात माल पाठवणाऱ्या इथल्या कंपन्यांनाही तो लागू आहे. यादी काढायला वेगळे साधन विकत घ्यावे लागत नाही. पॅकेज होस्टवर बसवले असेल तर ती त्या फोल्डरात आधीच पडलेली असते.